कॅमेऱ्याला लागलेली कीड

मुलीने फोन पुढे केला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे कपाट माझं नाही."

कपाट त्यांचंच होतं. सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंच्या बसायच्या खोलीसाठी त्यांनी ते बनवलं होतं, आणि मुलगी ऑफिसातून येताना मुद्दाम वाट वाकडी करून त्याचा फोटो काढून आली होती. पण फोटोतलं कपाट वर फुगलं होतं आणि खाली निमुळतं झालं होतं. पुढच्या फोटोत एका स्टुलाचे चारही पाय बाहेर फाकले होते, नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखे.

"बाबा, फोनमध्ये असंच येतं. एवढं कोण बघतंय?"

"जे बघायला बसलेत ते एवढंच बघणार आहेत."

हे मात्र खरं होतं. हस्तकला शाळेला लाकूडकाम शिकवायला माणूस हवा होता. अर्जासोबत स्वतः केलेल्या बारा वस्तूंचे फोटो मागितले होते, चांगले हातभर मोठे छापलेले, आणि ते तपासायला तीन जणांची समिती होती. त्यातले दोघे स्वतः सुतार. मिस्त्रींचं वय छप्पन्न आणि शाळेची अटही तेवढ्याचीच, म्हणजे पुढच्या वर्षी ते वयात बसणार नव्हते. ज्या शेडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं रंधा मारला ती महिनाअखेर पाडली जाणार होती. ही नोकरी नाही मिळाली तर एकच दार उघडं होतं, मेहुण्याच्या ओळखीचा फर्निचरचा कारखाना. तिथे दाबलेल्या भुशाच्या फळ्या यंत्र कापतं, भोकंही यंत्रच पाडतं, आणि माणूस बटण दाबतो. मिस्त्री एकदा तो कारखाना बघून आले होते. घरी येऊन "बरा आहे" एवढंच म्हणाले आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठले. त्यांना त्या बटणाची भीती वाटत होती. रंध्याने बोट कापलं तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते.

शेडमधले लोक त्यांना पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला बांधून सोडतात तो वजनाचा ओळंबा. मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट डोळ्यांनी मोजत आणि मग माणसांना नमस्कार करत. अशा माणसाने फाकलेल्या पायांचं स्टूल आपलं म्हणून समितीपुढे ठेवायचं, म्हणजे जिवंतपणी नाक कापून घेण्यातलाच प्रकार.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आतून बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "पोरीने एवढं फिरून काढलेत, आणि ह्यांचं काहीतरीच."

"अंगण वाकडंच आहे," मिस्त्री म्हणाले. "ये, बघ."

तिने येऊन पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. एकतीस वर्षांच्या संसारात याचा अर्थ 'तुमचं खरं आहे' असा होतो, हे मिस्त्रींना ठाऊक होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानात एक बाई उंच स्टुलावर बसल्या होत्या, केसांत पेन्सिल खोचलेली. मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघायच्या आधी स्टुलाकडे पाहिलं. एक पाय आखूड होता. ते वाकले, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दुमडून पायाखाली सरकवला आणि उठून म्हणाले, "आता बसा."

बाई हलून बघून हसल्या. "चार वर्षं मी डुगडुगतेय यावर. बोला, काय हवंय?"

मिस्त्रींनी फोनमधले फोटो दाखवले. बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. "जवळून काढलेत," त्या म्हणाल्या. "फोनच्या भिंगाला खूप रुंद दिसतं, म्हणून त्याला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं, त्यात फोन जरा वाकडा धरला, की जे कडेला ते पसरतं. लांबून काढा, सरळ येईल. पण फोनने लांबून काढून मोठं छापलंत तर सगळं पिठूळ दिसेल."

मग त्यांनी काउंटरवर एक कॅमेरा ठेवला. मिस्त्रींना वाटलं होतं, लग्नात असतो तसा गळ्यात लोढणं घातल्यासारखा काहीतरी अवजड प्रकार असेल. हा तर साबणाच्या डबीपेक्षा थोडासाच मोठा. पुढची लेन्स पिळली की निघत होती आणि दुसरी बसत होती.

"रंधा तोच, पातं बदलायचं," मिस्त्री म्हणाले.

"तसंच. ही छोटी लेन्स रोजची. ही लांबट जी आहे ना, तुमचं काम हिच्यावर. दहा पावलं मागे जाऊन काढायचं, पाय सरळ येतील. आणि हा पडदा बघा." बाईंनी मागची स्क्रीन उचकटून वर वळवली. "कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरा आणि वरून बघा. गुडघे टेकायला नकोत."

मिस्त्रींना हे सगळ्यात जास्त आवडलं. त्यांचे गुडघे कामाला नाही म्हणत नसत, पण नंतर दोन दिवस बोलून दाखवत.

"आता वाईट पण सांगते," बाई म्हणाल्या. "मालक सांगू नका म्हणतात, पण तुम्ही माझं स्टूल नीट केलंत. याची बॅटरी लहान आहे, दुपारपर्यंत टिकली तर नशीब. जादाची एक ठेवाच. डोळा लावून बघायची खिडकी याला नाही, त्यामुळे उन्हात स्क्रीनवर तुम्हाला तुमचंच तोंड दिसेल. बटणं बारीक आहेत आणि तुमचा अंगठा, रागावू नका, दोन बटणं एकदम दाबणारा आहे. आणि अंधाऱ्या खोलीत हा जरा रडतो, तेव्हा खिडक्या उघडून घ्या."

"एवढंच?"

"नाही, खरं अजून राहिलंच." त्यांनी लेन्स काढून आत दाखवलं. टपालाच्या तिकिटाएवढा एक चकचकीत चौकोन. "हा सेन्सर. फोटो इथे उमटतो. लेन्स काढली की हा उघडा पडतो, मोठ्या कॅमेऱ्यात असतो तसा आरशाचा आडोसा याला नाही. धुळीत लेन्स बदलायची नाही. बदलताना तोंड खाली धरायचं. काही पडलंच तर माझ्याकडे आणायचं. बोट लावायचं नाही, फडकं लावायचं नाही, आणि काहीही झालं तरी फुंकर मारायची नाही."

"नाही," मिस्त्री म्हणाले. ते त्यावेळी लेन्सचा सांधा किती बेमालूम बसतो ते बघत होते.

कॅमेरा घेऊन ते सरळ शेडवर गेले. नवं हत्यार आणलं की आधी बाकावर ठेवायचं, ही त्यांची रीत. दार लावलं, बाक हाताने साफ केला, म्हणजे भुसा बाकावरून हवेत गेला, आणि लांबट लेन्स बसवायला छोटी लेन्स पिळून काढली. आतला चौकोन चमकला. त्याच्या कडेला पिवळसर भुशाचा एक कण बसला होता. मिस्त्रींनी ओठ गोल केले आणि फू केलं. कण उडाला. लेन्स बसली.

त्यांना बाईंचं बोलणं आठवलं नाही, आणि आपण काही केलं असंही वाटलं नाही. रंधा मारला की फुंकर, भोक पाडलं की फुंकर, सांधा बसवण्याआधी फुंकर. दिवसाला दोनशे म्हटल्या तरी एकतीस वर्षांत किती झाल्या याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जित्याची खोड, दुसरं काय.

पुढचे दहा दिवस मिस्त्री दुपारनंतर गिऱ्हाइकांच्या घरी जात. मोठा कॅमेरा नसल्याने कुणी बुजलं नाही, कुणी केस विंचरायला पळालं नाही. फक्त दहा पावलं मागे जायची अडचण होती, कारण हल्लीच्या खोल्याच आठ पावलांच्या. डॉक्टरीणबाईंच्या कपाटासाठी ते मागे सरकत सरकत दाराबाहेर गेले, पॅसेजमध्ये गेले आणि शेवटी समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात पाठ टेकून उभे राहिले. आतल्या आजोबांनी दार उघडलं तसे मिस्त्री कॅमेऱ्यासकट त्यांच्या चपलांवर बसले. आजोबांनी उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि आपल्या पलंगाची करकर पण बघाल का म्हणून विचारलं. मिस्त्रींनी ती बघितली. बॅटरी तोवर संपली होती, तेव्हा कपाटासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

अकरा वस्तू झाल्या. बारावी घरचीच होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोसाठी केलेली हातांची बैठी खुर्ची. ती रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून भाजी निवडे, फोनवर बहिणीशी बोले, आणि मुलगी लहान असताना तिला मांडीवर घेऊन त्यातच डुलकी काढे. मिस्त्रींनी खुर्ची खिडकीशी ओढली, पडदा सारला, कॅमेरा वीतभर उंचीवर धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बाराही फोटो झकास दिसत होते. पाय ओळंब्यात होते. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्रावर खूश झाले.

सोमवारी मोठे छापलेले फोटो आले. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता.

मिस्त्रींनी पहिला फोटो टेबलावर ठेवला, चष्मा ओढला, आणि ते फोटोवर वाकले. डॉक्टरीणबाईंच्या कपाटाच्या फिकट दारावर, वर डाव्या बाजूला, एक काळपट टिंब होतं. खाली उजवीकडे अजून दोन. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी. असली भोकं कशाची असतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लाकडात अंडी घालणारा भुंगा आतून पोखरत येतो आणि बाहेर पडताना अशीच भोकं पाडतो. त्यांनी दुसरा फोटो काढला, वाचनाच्या टेबलाचा. भोकं. तिसरा, पुस्तकांच्या मांडणीचा. भोकं. पुढचे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

दुसरा कुणी असता तर आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला असता. मिस्त्रींच्या मनात ते आलंच नाही. लाकूड त्यांनी निवडलं होतं, त्यांनी वाळवलं होतं. जे काही चुकलं ते आपलंच, आणि ते सहा-सहा, दहा-दहा वर्षं लोकांच्या घरात बसून पोखरतंय. हातून झालेलं काम डोळ्यांदेखत नासतंय म्हटल्यावर त्यांना अर्ज, शाळा, शुक्रवार, काही सुचेना. आधी त्यांनी घरच्या खुर्चीखाली वाकून पाहिलं. कीड असली की खाली भुशाचं बारीक पीठ पडतं. फरशी लख्ख होती. निदान घर सुटलं, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी सकाळी टॉर्च, टोच्या, किडीच्या औषधाची बाटली आणि मोठी सुई लावलेली पिचकारी पिशवीत घालून, आणि दहा दिवसांच्या सवयीने कॅमेरा गळ्यात अडकवून ते निघाले.

"मिस्त्री? आज परत फोटो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. तुमच्या कपाटाला कीड लागली आहे. माफ करा. मी आहे तोवर तुम्हाला काळजी नाही."

बाईंनी दवाखान्यात जायचं लांबवलं आणि बघत उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी दाराची फळी टॉर्चने वितावितावर तपासली. टोच्याने टोचलं, कान लावला, नखाने वाजवलं. शेवटी गुडघ्यांवर येऊन तळाखाली शिरले. भोक नव्हतं. पीठ नव्हतं. लाकूड खणखणीत होतं.

"रोगी ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचंच नाडीपरीक्षण करू का?"

वाचनाच्या टेबलाकडेही तेच. पुस्तकांच्या मांडणीसाठी तर त्यांनी मालकाची दोनशे पुस्तकं खाली उतरवली आणि परत लावली, आणि ती उंचीप्रमाणे लावली म्हणून मालक नंतर आठवडाभर शोधत बसला. तिथेही काही नाही. मिस्त्री मांडणीसमोर जमिनीवर बसले, पिशवीतून फोटो काढले आणि मांडणीच्या फोटोशी मांडणी ताडून पाहू लागले. मग त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी कपाटाचा फोटो मांडणीच्या फोटोवर ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. एका साच्यावरून काढलेल्या दोन फळ्या ते अशाच जुळवून बघत. तिन्ही भोकं तंतोतंत एकमेकांवर बसली.

कीड इतकी मापात पोखरत नाही.

मिस्त्री हसावं की रडावं अशा बेतात तसेच उभे राहिले. तीन घरं उलटीपालटी करून झाली होती, आणि चोर सगळा वेळ त्यांच्या गळ्यात लोंबकळत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुकानात बाईंनी लेन्स काढली आणि भिंगातून आत पाहिलं. "थुंकी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"थुंकीचे तीन थेंब. वाळलेत. फुंकर मारलीत ना?"

"छे! तुम्ही सांगितल्यावर मी कशाला..." मिस्त्री थांबले. शेडमधला तो बाक, तो पिवळसर कण, आणि आपले गोल झालेले ओठ, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बाई कामाला लागल्या. त्यांनी पिशवीतून हातमोजे काढले, आधी रबरी फुग्याने हवा मारली, मग एका पातळ पट्टीवर दोन थेंब टाकून चौकोन एकदाच डावीकडून उजवीकडे पुसला. मिस्त्री श्वास धरून बघत होते. हात सराईत होता, आणि सराईत हाताला ते मान देत.

"झालं," बाई म्हणाल्या. "हा फुगा घेऊन जा, माझ्याकडून. ओठ शिवशिवले की हा दाबा. आणि सगळे फोटो परत काढावे लागतील. ही टिंबं त्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाहीत, ही पण याची एक खोड. मोठं छापल्यावरच कळतं."

मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवार. मिस्त्रींनी दोन्ही बॅटऱ्या घेतल्या, आणि बुधवारी मुलीने ऑफिसला दांडी मारून दार धर, पडदा सार, आजोबांना आधी सांगून ठेव अशी कामं केली. अकरा घरं झाली. शेवटच्या घरी दुसऱ्या बॅटरीनेही मान टाकली, ती पंखा बंद करून तिथल्याच सॉकेटला लावली आणि चार्ज होईपर्यंत मिस्त्रींनी त्यांच्या खिडकीची अडकणारी झडप सोडवून दिली. घरच्या खुर्चीचा फोटो गुरुवारी सकाळी काढला. दुपारी सगळे छापून आले.

अकरा फोटो स्वच्छ होते. मिस्त्रींनी एकेक उजेडात धरून पाहिला. पाय सरळ, दारं सरळ, सांधे कुठे आहेत ते ज्याला कळतं त्यालाच कळावं असे. मग बारावा पाहिला. खुर्चीच्या मागच्या उजव्या पायावर दोन टिंबं होती.

"हा कॅमेरा माझा जीव घेणार आहे," ते ओरडले. मुलगी धावत आली.

त्यांनी सवयीने बारावा फोटो अकराव्यावर ठेवून खिडकीवर धरला. अकराव्यावर टिंबं नव्हती. सोमवारचे खराब फोटो काढून त्यांवर धरला. ती तीन टिंबं होती तिथे होती, आणि ही दोन वेगळ्याच जागी. मिस्त्रींनी फोटो खाली ठेवला आणि खुर्चीकडे पाहिलं. मग ते उठले, खुर्ची उलटी केली आणि मागच्या पायावर टॉर्च धरला.

दोन भोकं. आणि पायाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, अजून सात.

त्यांनी नखाने वाजवलं. आवाज पोकळ आला.

"पण खाली पीठ कसं नाही?" मुलगी म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात, पीठ पडतं."

बायको दारात उभी होती. तिच्या हातात झाडू होता, कारण तिच्या हातात त्या वेळेला झाडूच असे. "पडतं," ती म्हणाली. "मी झाडते. रोज सकाळी, तुम्ही उठायच्या आत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. थोडी जास्तच."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? लोकांच्या घरातलं तुमचं काम नवंच्या नवं आहे. एक घरचीच खुर्ची. तुम्हाला लागलं असतं." तिने झाडू भिंतीला टेकवला. "मला वाटलं, बसवतंय तोवर बसू."

मिस्त्री खुर्चीचा पाय हातात धरून जमिनीवरच बसले. त्यांना रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या पायाचं त्यांना सगळं आठवत होतं. पंचवीस वर्षांचे होते. चांगलं लाकूड गिऱ्हाइकाच्या कामात गेलं होतं, तीन पायांपुरतं उरलं होतं. चौथ्या पायाला त्यांनी सालीजवळचं पांढरं लाकूड लावलं, ज्यात गोडवा असतो आणि जे किडीला आवडतं, आणि वरून गडद रंग मारून ते लपवलं. तो पाय भिंतीकडे राहील असा बसवला. त्यावेळी त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, घरचंच आहे, एवढं कोण बघतंय. गिऱ्हाइकाच्या कामात त्यांनी असं कधी केलं नव्हतं, आधीही आणि नंतरही. एकदाच केलं, आणि ते बायकोच्या खुर्चीत. हे त्यांनी तिला तिथेच सांगितलं, सगळं, मान वर न करता.

बायको त्यांच्याजवळ आली. "एकतीस वर्षं बसले की मी त्यात," ती म्हणाली. "पडले का?"

मुलीने व्यवहार पाहिला. "बाबा, बारावा दुसरा देऊ. उद्या सकाळी मावशीकडचं ते आरशाचं टेबल काढून येऊ. एका तासाचं काम आहे."

मिस्त्रींनी बाराही फोटो एकत्र केले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि पाकिटात घातले. खुर्चीचा सगळ्यात शेवटी. "नको," ते म्हणाले.

समितीपुढे बोलावणं पुढच्या आठवड्यात आलं. टेबलामागे तिघे होते, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि दोन सुतार, त्यातला एक म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा. म्हाताऱ्याने अकरा फोटो पटापट उलटले, एकदोनदा मान हलवली. बाराव्यावर थांबला आणि खिशातून भिंग काढलं.

"याला कीड आहे."

"आहे," मिस्त्री म्हणाले. "पांढरं लाकूड आहे त्या पायाला. मी लावलं होतं. रंगाखाली लपवलं होतं."

"मग हा फोटो का जोडलात? दुसरं काम नव्हतं?"

"पुष्कळ होतं."

"मग?"

मिस्त्रींनी घरून उत्तर तयार करून आणलं होतं. ते ऐनवेळी आठवेना. "बायको दोन वर्षं त्याचा भुसा झाडत होती," ते म्हणाले. "मला कळू नये म्हणून. अकरा फोटो दिले आणि हा दिला नाही, तर मी तिच्याकडूनच अजून एकदा झाडून घेतलं असं झालं असतं. मला ते जमेना."

म्हाताऱ्याने भिंग खिशात ठेवलं आणि मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मग त्याने मिस्त्रींना विचारलं, "तो पाय अजून आहे का?"

"आहे. बदलायचाय."

"बदला. पण जुना टाकू नका. वर्गात लागेल."

नोकरीचं पत्र रीतसर नंतर आलं. मिस्त्रींनी चांगल्या लाकडाचा पाय केला, त्याला रंग दिलाच नाही, आणि बायकोने बाकीच्या तिघांपेक्षा हा किती फिका दिसतो म्हणून दोन दिवस ऐकवलं. पाय बसवण्याआधी त्यांनी सांध्यावर फुंकर मारली. ती लाकडाला चालते. कॅमेऱ्यासाठी रबरी फुगा खिळ्याला टांगलेला होता.

शाळेच्या पहिल्या दिवशी ते लवकर उठले. जुना पाय वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला. बायको पुढच्या खोलीत झाडत होती. खुर्चीजवळ आली, खुर्ची एका हाताने उचलली आणि भिंतीकडचा कोपरा झाडू लागली.

"आता काही पडत नाही तिथे," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि झाडून झाल्यावर खुर्ची होती तिथे ठेवली.